अन्यायाला इंग्रजीत काय म्हणावे?

मराठी वर्तमानपत्रांत 'अन्याय' हा शब्द जितक्या वेळा छापला जातो तितक्या वेळा 'पाऊस' हा शब्दही छापला जात नसेल. ऊसदरात अन्याय, बदल्यांत अन्याय, उमेदवारीत अन्याय, आणि आम्हा सीमाभागातल्या मंडळींच्या सभांत तर ठरावाच्या पहिल्याच ओळीत अन्याय. शब्द खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु तो इतका राबला आहे की कोणी, कोणावर, कशाच्या तुलनेत आणि किती, हे चारही प्रश्न त्याच्या पोटात गडप होतात. आपण आपसांत मराठीत बोलतो तोवर हे चालून जाते. ऐकणाऱ्यास मागचेपुढचे ठाऊक असते. खरी पंचाईत होते ती या अन्यायाचे इंग्रजी करावयाची वेळ आली म्हणजे. तेथे एका शब्दाच्या जागी सातआठ शब्द दाराशी येऊन उभे राहतात. दिसायला सारे सख्खे भाऊ, आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा.

ही वेळ माझ्यावर वरचेवर येते. मी राहतो काकतीस. बेळगावच्या उत्तरेस, पुण्याहून बेंगळुरूकडे जाणाऱ्या महामार्गावर, मार्कंडेय नदीच्या काठचे हे गाव; राणी चन्नम्मांचे माहेर म्हणून इतिहासात नोंदलेले. घरात मराठी, शेजारच्या घरात कन्नड, कचेरीत कन्नड आणि त्याहून वरच्या कचेरीत इंग्रजी, असा आमचा भाषांचा जिना आहे. मी आयुष्यभर इंग्रजी शिकविले, त्यामुळे निवृत्तीनंतर जिन्याच्या वरच्या पायऱ्या चढून देण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. विम्याचा दावा, नळाच्या जोडणीची तक्रार, परदेशी गेलेल्या मुलाच्या कागदपत्रांतील नावाची चूक, असे अर्ज लिहिता लिहिता दुपार निघून जाते.

गेल्या पावसाळ्यात दोन बाया आल्या. एक मराठी घरातली, दुसरी कन्नड बोलणारी. पण दोघी एकमेकींशी ज्या भाषेत बोलत होत्या तिला बेळगावी म्हणण्यापलीकडे दुसरे नाव नाही. महामार्गालगतच्या एका कारखान्यात माल खोक्यांत भरण्याचे काम त्या करतात. त्याच टेबलावर, त्याच पाळीत, तीच खोकी भरणाऱ्या पुरुषाला रोज शंभर रुपये अधिक मिळतात. मालकांची मुख्य कचेरी दूर परराज्यात, म्हणून पत्र इंग्रजीत हवे होते. मराठी बाई म्हणाली, "सर, आमच्यावर अन्याय होतोय असं लिवा." कन्नड बाईने मान डोलावली आणि पुस्ती जोडली, "होय की वो. लई तारतम्य करत्यात तिथं."

वाचकांपैकी जे कृष्णेच्या उत्तरेचे आहेत ते येथे क्षणभर थबकतील. तारतम्य करतात? मग तक्रार कसली? तारतम्य तर चांगले! मराठीत ज्याला तारतम्य नाही त्याला आपण शहाणा म्हणत नाही. लग्नात काय बोलावे, मयताच्या घरी किती वेळ बसावे, हे ज्याला कळते त्याला तारतम्य आहे. परंतु कन्नडमध्ये हाच शब्द निराळ्या वाटेने गेला. तेथे तारतम्य म्हणजे उच्चनीच भाव, भेदभाव. कन्नड वर्तमानपत्रांत स्त्रीपुरुष भेदाला 'लिंग तारतम्य' असे सरळ छापतात. मूळ दोघांचे एकच: संस्कृतातील 'तर' आणि 'तम' हे प्रत्यय. लघु, लघुतर, लघुतम. दोन वस्तूंत कमीअधिक ओळखणे म्हणजे तारतम्य. मराठीने ते ओळखणाऱ्याच्या अकलेचे कौतुक केले. कन्नडने ज्याला 'कमी' ठरविले त्याच्या बाजूने पाहिले.

आणि गंमत पाहा, इंग्रजीतील 'डिस्क्रिमिनेशन' या शब्दाचे नशीब हुबेहूब असेच आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वेगळे करणे, निवडणे. जुन्या इंग्रजी पुस्तकांत 'मॅन ऑफ डिस्क्रिमिनेशन' म्हणजे चोखंदळ, रसिक गृहस्थ. चहाची पारख करणारा, चित्रांची जाण असलेला. मी शिकत होतो तेव्हा आमचे एक वृद्ध शिक्षक हा शब्द शाबासकी म्हणूनच वापरीत. आज तो शाबासकीत वापरला तर माणूस चमकून पाहील. एकाच शब्दाचा मराठी अर्थही इंग्रजीत आहे आणि कन्नड अर्थही. फक्त पहिला म्हातारा झाला आहे. काकतीच्या त्या कन्नड बाईने माझे निम्मे काम तेथेच करून टाकले होते. तिला हवा असलेला शब्द तिने उच्चारला होता. मला फक्त तो ओळखावयाचा होता.

तरीही मी घाईने लिहिले नाही, कारण इतर भाऊही दारात उभे होते. 'इन्जस्टिस' हा थोरला. त्याचा दरारा मोठा, पण तो न्यायाधीशाकडे तोंड करून उभा असतो. व्यापारी कचेरीतील कारकुनाच्या टेबलावर तो गेला की कारकून तो बाजूला ठेवतो: न्यायाचे काम आमच्याकडे नाही. 'प्रेज्युडिस' म्हणजे पूर्वग्रह. निकाल आधी, चौकशी मागून. तो मनात राहतो, आणि मनातले कागदावर सिद्ध करता येत नाही. वकिलांच्या पत्रांत मात्र त्याच शब्दाचा अर्थ 'हक्काला पोचणारा बाध' असा असतो, तेव्हा 'विदाउट प्रेज्युडिस' पाहून कोणी 'आमच्याविषयी यांचे मन स्वच्छ आहे' असे समजू नये. 'बायस' मला स्वतःला फार आवडतो. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ तिरपा. शिंपी कापड तिरपे कापतो त्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. आपले शिंपी त्याला उरेब म्हणतात. मनाचा उरेब काप! लाकडी चेंडूंच्या एका इंग्रजी खेळात चेंडू एका बाजूस जाणूनबुजून असा घडविलेला असतो की सरळ टाकला तरी तो वळतो. त्या वळण्यासही बायस म्हणतात. टाकणाऱ्याचा हात सरळ आणि चेंडू मात्र वाकडा जातो, असे अनेक कचेऱ्यांत दिसते. परंतु ज्या मस्टरवर शंभर रुपयांचा फरक शाईने लिहिलेला आहे, तेथे कल, झुकाव, उरेब असले नाजूक शब्द कशाला?

'ऑप्रेशन' या शब्दाविषयी थोडे. मराठी बाईच्या मुलाने तो कोठेतरी वाचला होता आणि तोच घालावा असा त्याचा आग्रह होता. घरात तो मोठ्याने म्हणून दाखविला तर आजी घाबरून विचारू लागली की कोणाचे आपरेशन आहे. विनोद सोडा, शब्दाचा मूळ अर्थ दाबून धरणे, म्हणजे आपले दडपणे, जुलूम. जुलूम हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. अरबी पंडित त्याची व्याख्या फार सुंदर करतात: वस्तू तिच्या जागी न ठेवणे. मुकादमाचे ओरडणे, संडासला जायला परवानगी मागावी लागणे, सुट्टी घेतली की दुसऱ्या दिवशी कामावरून परत पाठविणे, ही दडपणूक खरी होती. पण तो वेगळा परिच्छेद होता, तारखांसह लिहावयाचा. दोन दुःखे एका शब्दात कोंबली की दोन्ही पातळ होतात.

'इनइक्वॅलिटी' आणि 'इनइक्विटी' ही जुळी भावंडे तर चांगल्या चांगल्यांना चकवतात. पहिली म्हणजे विषमता, निव्वळ मापाची गोष्ट. बापाला दोन भाकरी, लहान पोराला अर्धी, ही विषमता आहे पण तक्रार नाही. दुसरी म्हणजे जे माप न्याय्य नाही ते, मग ते सारखे का असेना. कारखान्यात दुपारची विश्रांती सर्वांना सारखीच पंधरा मिनिटांची; पण बायकांचा संडास आवाराच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे निम्मी विश्रांती चालण्यात जाते. येथे समता आहे आणि तीच गैरवाजवी आहे. राज्यघटनेच्या ३८ व्या अनुच्छेदात १९७८ च्या दुरुस्तीने विषमतेविषयी जे कलम घातले त्यात हे तारतम्य, मराठी अर्थाने तारतम्य, छान दिसते: उत्पन्नातील विषमता कमी करावी असे म्हटले आहे, आणि दर्जा, सोयी व संधी यांतील विषमता नाहीशी करण्याचा प्रयत्न करावा असे. एकीला 'कमी', दुसरीला 'नाहीशी'. मसुदा लिहिणाऱ्यांनी क्रियापद उगीच बदललेले नाही.

मराठीत हे बारकावे नाहीत असे मात्र कोणी समजू नये. आपल्याकडे ते कचेरीतून आले नाहीत. घरातून आणि पंगतीतून आले. सापत्नभाव घ्या. सवतीच्या पोराला जी वागणूक मिळते ती. दुजाभाव म्हणजे आपला नव्हे, दुसरा, असे मानणे. पक्षपात तर सर्वांना ठाऊक. आणि माझ्या मते इंग्रजीच्या 'डिस्क्रिमिनेशन'ला सर्वांत नेमका मराठी शब्द म्हणजे पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीला बसलेल्या दोघांपैकी एकाच्या पानावर तुपाची धार आणि दुसऱ्याच्या पानावर वाढपी झपझप पुढे. पंगत एकच असली पाहिजे, वाढपी एकच, आणि वाढण्यात फरक. तरच तो पंक्तिप्रपंच. निराळ्या घरी निराळे जेवण असेल तर ती विषमता झाली. कायद्याच्या पुस्तकांत भेदभाव सिद्ध करण्यासाठी ज्या गोष्टी लागतात त्या आमच्या आज्यांनी या एका शब्दात बांधून ठेवल्या आहेत. हा शब्द अर्जांतून का गेला कळत नाही. बहुधा तो स्वयंपाकघराचा म्हणून.

कोणता शब्द घ्यावा यावरून आमच्या या मुलखात पूर्वी मोठमोठ्या माणसांनी जिवाचे रान केले आहे. महामार्गाने काकतीहून निघावे, निपाणी लागते, मग कागल, मग कोल्हापूर. या एका रस्त्याच्या आजूबाजूस त्या शब्दांचा इतिहास पडला आहे. कोल्हापुरास शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. काम क्रांतीचे, पण 'मागासलेले' हा शब्द पाहा: जणू चालणाराच हळू चालला. जमखंडी संस्थानात जन्मलेले विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत जी संस्था काढली तिचे इंग्रजी नाव डिप्रेस्ड क्लासेस मिशन, आणि मराठी नाव निराश्रित साह्यकारी मंडळी. इंग्रजीत दबलेले आणि मराठीत निराश्रित! दबलेला म्हटले की दाबणारा कोण हा प्रश्न निघतो. निराश्रित म्हटले की फक्त छप्पर द्यावयाचे उरते. शिंद्यांच्या कामाविषयी मला अपार आदर आहे, पण या भाषांतरात कोणीतरी सुटून गेला हे खरे.

मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगावास परिषद भरली आणि एप्रिल १९२५ मध्ये निपाणीस. दोहोंचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि दोन्ही परिषदांच्या नावात शब्द 'बहिष्कृत'. या कृदंतात करणारा लपत नाही. ज्याला बाहेर काढले, त्याला कोणीतरी काढले आहे. पुढे १९३२ साली मताधिकार समितीपुढे बाबासाहेबांनी 'डिप्रेस्ड क्लासेस' या नावासच हरकत घेतली; त्या नावाने समाज दीन आणि लाचार असल्याचा समज होतो असे त्यांचे म्हणणे. १९३१ च्या खानेसुमारीत 'एक्स्टीरियर कास्ट्स' असा शब्द चालविला गेला होता. अखेर १९३५ च्या कायद्याने 'शेड्यूल्ड कास्ट्स' आणला: परिशिष्टात ज्यांची यादी आहे ते. ना दया, ना दोष. नुसता यादीचा अनुक्रम. कोरडा शब्द, पण हक्क मागताना कोरडेपणाच उपयोगी पडतो. 'हरिजन' हा गोड शब्द जेव्हा कायद्यात घालू लागले तेव्हा १९३८ साली बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी निषेध म्हणून मुंबई विधानसभेतून बाहेर पडले. ज्यांच्यासाठी शब्द आहे त्यांना विचारा, एवढीच मागणी होती.

घटनेत त्यांनी शब्द कसे वाटले आहेत ते पाहण्यासारखे आहे. १५ व्या अनुच्छेदात डिस्क्रिमिनेशन, कारण तेथे करणारा ठरलेला आहे: राज्य. विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते यांची नावे घेऊन तेथे मनाई आहे. महाडचे तळे १९२७ सालचे, ते येथे कायद्यात उतरले. १७ व्यात अस्पृश्यता हा शब्द नाव घेऊन, आडपडदा न ठेवता. ४६ व्यात सामाजिक अन्याय आणि शोषण, कारण तेथे संरक्षण द्यावयाचे आहे. पुढे १९८९ चा कायदा झाला आणि त्याचा 'ॲट्रॉसिटी' हा शब्द खेडोपाडी गेला. इंग्रजी न येणारा माणूसही तो बोलतो. मात्र गुन्ह्याचे नाव म्हणून नव्हे, कायद्याचे नाव म्हणून. अत्याचार झाला असे म्हणत नाहीत, ॲट्रॉसिटी लागली असे म्हणतात. करणाऱ्याची अडचण तेवढी बोलण्यात उरली.

आता कारखान्याच्या पत्राकडे. एक अडचण मला अपेक्षित नव्हती. मराठी बाईचा दीर त्याच कारखान्यात, पुरुषांच्या दराने. तो रात्री माझ्याकडे आला. बोलण्यात समंजस. त्याचे म्हणणे, 'एक्सप्लॉयटेशन' लिहा, शोषण लिहा. पगार सगळ्यांचाच कमी आहे. बायका आणि पुरुष असा भेद पत्रात दाखविला तर मालक पुरुषांचे शंभर कापून सगळे सारखे करील, आणि कामगारांत फूट पडेल ती वेगळीच. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत वर्षानुवर्षे धुळीत बसून काम करणाऱ्या बायकांची दशा ज्यांनी पाहिली आहे त्यांना शोषण हा शब्द पुस्तकी वाटणार नाही. पण शोषण म्हटले की प्रश्न मालकाच्या नफ्याचा होतो, आणि दोघींना तूर्त तो विचारावयाचा नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तिला दिराचे म्हणणे सांगितले. ती म्हणाली, "त्यांचं शंभर कमी करा असं कुठं म्हटलं मी? आमचं वाढवा म्हणत्ये." हा कायद्याचाच मुद्दा होता, तिला ठाऊक नसेल: १९७६ च्या समान वेतन कायद्याने बरोबरी करण्यासाठी कोणाचा दर खाली आणण्यास मनाई केली होती. मग मी दिराला बोलावून तसे सांगितले. त्याने ऐकून घेतले. पटले की नाही ते सांगितले नाही. सही मात्र त्याने केली नाही.

पत्रात मी पहिल्या ओळीत नाम घातलेच नाही. टेबल कोणते, पाळी कोणती, खोकी किती, पुरुषाला काय मिळते, बाईला काय मिळते, एवढे आधी. मग एक वाक्य, आणि त्यात डिस्क्रिमिनेशन. विश्रांतीचा आणि मुकादमाचा मजकूर खाली निराळा. 'इन्जस्टिस' एकदाही नाही. मराठी बाईला ते थोडे खटकले. अन्याय कुठे गेला, असे तिने विचारले. मी तिला वाचून दाखविले, अर्थ सांगितला. कन्नड बाई म्हणाली, "असू द्या अक्का, हेच आपलं तारतम्य."

महिन्याने उत्तर आले. सभ्य इंग्रजी. इंग्रजीचा एक गुण असा की तिच्यात झालेली गोष्ट हवामानासारखी सांगता येते. करणारा लागत नाही. 'डिस्पॅरिटी' आढळली आहे. 'इन्कन्व्हीनिअन्स' झाली असल्यास खेद आहे. शंभर रुपये कमी मिळणे ही गैरसोय! गैरसोय म्हणजे गाडी उशिरा येणे. पण पत्राच्या शेवटी खरी मेख होती: पुरुष कामगारांचा हुद्दा 'पॅकर' असून स्त्री कामगारांचा हुद्दा 'हेल्पर' आहे, सबब दर निराळे. नोकरीला लागताना या बायांना कोणी हुद्दा सांगितला नव्हता. तो बहुधा पत्र गेल्यावरच जन्माला आला असावा. पंगतीत तूप मागितले तर वाढप्याने सांगावे की तुमची पंगतच वेगळी आहे, तसे हे झाले.

परंतु कायदा लिहिणारे या वाटेवर आधीच येऊन बसलेले होते. १९७६ च्या कायद्यात, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही, 'तेच काम' एवढ्यावर न थांबता 'किंवा त्यासारखेच काम' असे शब्द आहेत. सारखे म्हणजे काय, तर संहितेप्रमाणे त्यास लागणारे कौशल्य, कष्ट, अनुभव आणि जबाबदारी सारखी. हुद्द्याचे नाव त्यात कोठेही नाही. तेव्हा दुसऱ्या पत्राला आम्ही बसलो. मी कौशल्य, कष्ट, अनुभव, जबाबदारी असे चार रकाने आखले आणि दोघींना सांगितले की सकाळी आत गेल्यापासून काय काय करता ते एकेक सांगा. खोके उभे करणे, माल मोजणे, चिकटपट्टी लावणे, वजन करणे, छापील चिठ्ठी तपासणे. पुरुष काय करतात? तेच. मग मराठी बाई थांबली, मैत्रिणीकडे पाहिले आणि म्हणाली, "पट्टीचं मशीन अडकलं की कोण सोडवतंय? हीच की. मुकादम हिलाच हाक मारतोय. ते जबाबदारीत लिवायचं का कौशल्यात?"